सहावं पेर

सॅफ्रनिनच्या, म्हणजे काप रंगवायच्या रंगाच्या, बाटलीचं झाकण लाल आहे. उजव्या डोळ्याने ते वाळत घातलेल्या मिरचीइतकं लाल दिसतं. उजवा डोळा तळहाताने झाकला आणि मान थोडी उजवीकडे वळवली, की डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला एक अरुंद पट्टी उरते, तिच्यात ते झाकण येतं. तिथे ते विटकरी दिसतं, खूप वेळा धुतलेल्या कापडासारखं. रोज सकाळी प्रयोगशाळा उघडली की मी आधी हे करून बघते. पंचवीस महिन्यांत त्या विटकरी रंगात फरक पडलेला नाही. उतरला नाही, चढलाही नाही. डॉक्टर म्हणतात, न उतरणं हीच चांगली बातमी. ती मी रोज सकाळी ऐकते आणि मग सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढते.

प्रयोगशाळा म्हणजे नारायणगावात, बियाणांच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या. बाहेर पाटी आहे: काडी तपासणी. एवढी पाटी इकडच्या माणसाला पुरते. बाहेरून येणाऱ्यांना सांगावं लागतं.

द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीला नवी काडी येते, आणि पावसाळा लागेपर्यंत त्या काडीच्या पेरापेरावर पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होऊन बसतो. बाहेरून काही कळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी होते, तिला गोडी छाटणी म्हणतात. तेव्हा काडी कितव्या पेरावर कापायची यावर वर्षाचं पीक ठरतं. घड पाचव्या-सहाव्या पेरावर असेल तर तिथे कापायचं, आठव्या-नवव्यावर असेल तर काडी लांब ठेवायची. आखूड कापली गेली तर घड काडीसकट जमिनीवर पडतात आणि वेलीवर नुसती पानं आणि बाळ्या उरतात. बाळी म्हणजे वेल तारेला धरते तो गुंडाळणारा तंतू. म्हणून छाटणीआधी शेतकरी दहा काड्या ओल्या कापडात गुंडाळून आणतात. आम्ही पेरावरचा डोळा ब्लेडने कापतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि आत घड आहे की बाळी ते सांगतो. कोंबाला डोळा म्हणतात, यावरून आणि माझ्या आजारावरून करता येण्यासारखे सगळे विनोद माझ्या नवऱ्याने, संपतने, पहिल्या सहा महिन्यांतच संपवले आहेत.

आजार गाठींचा. तीन वर्षांपूर्वी मानेत हरभऱ्याएवढी गाठ लागली, महिनाभरात ती आवळ्याएवढी झाली. पुण्यात तपासण्या झाल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. दर एकवीस दिवसांनी औषधाची सलाइन, अशा सहा खेपा ठरल्या. चौथ्या खेपेनंतर डाव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. मला वाटलं चष्म्यावर वाफ धरली आहे, आणि मी तो तीनदा पुसला. आठ दिवसांत त्या डोळ्याने समोरच्याचे कान दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. लिम्फोमाच्या पेशी डोळ्याच्या नसेत शिरल्या होत्या. क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाले. औषधं बदलली, काही पाठीच्या कण्यातून दिली, डोळ्याच्या मागे किरणं दिली. गाठी गेल्या. नसेतल्या पेशीही गेल्या. नस परत आली नाही.

"पावणा गेला," संपत म्हणाला, "पण जाताना वायर कापून गेला."

उजवा डोळा चांगला आहे. मी वाचते, सुईत दोरा ओवते, पौर्णिमेच्या आसपास गच्चीवरून शिवनेरीची कड बघते. रस्ता ओलांडताना डावीकडे पूर्ण मान वळवते. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवते, कारण एका डोळ्याला वस्तू दिसते, ती किती लांब आहे ते दिसत नाही. पहिले काही महिने अर्धा चहा बशीत जायचा. संपत तो बशीतूनच प्यायचा आणि म्हणायचा, माझ्या आजोबांची पद्धत हीच होती.

हे सगळं मला जमलं, आणि मी समाधानी आहे. हे तोंडदेखलं म्हणत नाही. सकाळी उठते, मानेवरून हात फिरवते, गाठ नसते, आणि दिवस सुरू होतो. एवढी छोटी अट पुरी झाली की दिवस चांगला जातो.

फक्त एक गोष्ट मी दोन हंगाम पुढे ढकलत होते.

आमच्या सूक्ष्मदर्शकाला दोन नळ्या आहेत. दोन डोळ्यांना जराशा वेगवेगळ्या कोनांतून चित्र मिळतं आणि मेंदू त्यातून उंचसखलपणा तयार करतो. घडाचा गर्भ फुलकोबीच्या तुऱ्यासारखा असतो, गाठीगाठींचा. बाळी गुळगुळीत असते, टोकाकडे निमुळती. या दोघांच्या मधली एक अवस्था असते, तिला आम्ही गोळी म्हणतो. ती पुढे बहुधा बाळीच होते. हे तिन्ही ओळखायचे ते उंचसखलपणावरून. एका डोळ्याने सगळं सपाट दिसतं, छापलेल्या चित्रासारखं.

कौसरला हे माझ्याइतकंच माहीत होतं. कौसर माझ्याबरोबर आठ वर्षं आहे. जुन्नरला छाटणीच्या कात्र्यांना धार लावणारे पीरमहंमद यांची ही मोठी मुलगी, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., आता एकतीस वर्षांची, लग्न होऊन नारायणगावातच राहते. तिच्या हातचा काप माझ्या हातच्या कापापेक्षा पातळ येतो. धारेची समज घरातूनच आली असणार.

पहिल्या वर्षापासून आमची एक पद्धत आहे. प्रत्येक नमुना दोघींनी बघायचा, एकमेकींशी न बोलता, आणि आपापल्या चिठ्ठीवर पेरानुसार निकाल लिहायचा. मग चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. जुळल्या तर रिपोर्ट लिहायचा. नाही जुळल्या तर नवी काडी घेऊन, पुन्हा कापून, दोघींनी मिळून बघायचं. रिपोर्टवर सही माझी. लोक त्याला ताईंचा रिपोर्ट म्हणतात.

गेल्या हंगामात एक्केचाळीस वेळा चिठ्ठ्या जुळल्या नाहीत. त्यातल्या सदतीस वेळा कौसरचं बरोबर निघालं. हा तक्ता मीच केला आणि टेबलाच्या खणात ठेवला. दुसऱ्या कोणाचा असा तक्ता माझ्यासमोर आला असता तर काय करायला हवं ते मी पाच मिनिटांत सांगितलं असतं. स्वतःच्या बाबतीत मी म्हटलं, हंगाम संपू दे. मग पुढचा हंगाम आला. मला त्या खुर्चीत बसायला आवडतं, एवढंच त्याचं कारण आहे. नळीवर डोळा ठेवला की बाहेरचे आवाज कमी होतात.

त्या बुधवारी कौसर रजेवर होती. तिच्या मावसबहिणीचा, आरफाचा, मंचरला साखरपुडा होता. अकराच्या सुमारास बोरी बुद्रुकचे भगवंतभाऊ काड्या घेऊन आले. त्यांची एक एकर जंबोची बाग आहे, काळी लांबट द्राक्षं. पंधरा वर्षं ते आमच्याकडे येतात, आणि आल्यावर आधी जिन्याला नावं ठेवतात.

"ताई, ह्यो जिना तुमी मुद्दाम आसा ठेवलाय का? काडी तपासायच्या आदी मानूस तपासून घेता?"

"बसा. पाणी घ्या. परवा आलात तर चालेल? कौसर आज नाही."

"परवा टोळी येतीय छाटायला. बाया मिळत न्हाईत, ताई. परवा सोडली तर धा-बारा दिस धा जागा फिरतील. तुमी हाय की. तुमाला कशाला पायजे दुसरं कोन?"

तुम्ही आहात की. मला ते ऐकायला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मी त्यांना दोन तासांनी यायला सांगितलं आणि चार काड्या कापल्या. माझे काप चांगले आले. चौथं पेर, पाचवं, सहावं. उजवा डोळा उजव्या नळीवर. आत पांढरट, गोलसर, भरलेलं काहीतरी दिसलं. जंबोला बहुतेक वर्षी चौथ्या ते सहाव्या पेरात घड असतात. मी लिहिलं: घड, चार ते सहा. सहाव्या पेरावर छाटावे. सही केली. एकच चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली.

दोन तासांनी भगवंतभाऊ परत आले, रिपोर्ट वाचला आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. "झ्याक," म्हणाले. "चला, शुक्रवारी सहावर घालतो कात्री."

त्या दुपारी मी खिडकीत बसून शेंगदाणे खाल्ले. खूप दिवसांनी एक नमुना पूर्ण माझा होता.

गुरुवारी दुपारी कौसर आली, मिठाईचा डबा घेऊन. साखरपुड्याचं सगळं सांगून झालं: मुलगा कसा आहे, त्याची आई किती बोलते, जेवणात मीठ कोणाच्या मते कमी होतं. मग तिची नजर ट्रेकडे गेली.

"मॅडम, एकच चिठ्ठी?"

"तू नव्हतीस."

"हो ना." ती थोडा वेळ डब्याचं झाकण लावत राहिली. "काड्या उरल्यात का?"

"सहा आहेत. कापडात."

"मग मी माझी चिठ्ठी लिहून टाकते. फाइल अर्धी राहायला नको."

कौसर अशी आहे. आठ वर्षांत तिने मला एकदाही तुम्ही चुकलात म्हटलेलं नाही. ती म्हणते, फाइल अर्धी राहायला नको.

ती बसली. मी बाटल्यांवर तारखा लिहीत होते. तिने सहाही काड्या कापल्या, पहिल्या पेरापासून दहाव्यापर्यंत. मध्ये एकदा उठून तिने खिडकीचा पडदा सारखा केला, त्याची गरज नव्हती. मग चिठ्ठी लिहून माझ्या चिठ्ठीशेजारी ठेवली आणि हात धुवायला गेली.

तिने लिहिलं होतं: चार, बाळी. पाच, गोळी. सहा, गोळी. सात, बारीक घड. आठ, घड. नऊ, घड.

मी खुर्चीत बसले. सहाव्या पेराचा काप अजून तिथेच होता. मला तो कालच्यासारखाच दिसला, पांढरट आणि भरलेला. मग मी एक गोष्ट केली, जी काल करायला हवी होती. फोकसची चकती अगदी हळू फिरवली. एका डोळ्याला उंची दिसत नाही, पण कुठला भाग आधी स्पष्ट होतो आणि कुठला नंतर, यावरून ती काढता येते. घड असता तर एकेक गाठ वेगवेगळ्या वेळी स्पष्ट झाली असती. इथे सगळं एकसंध, गुळगुळीत सरकत स्पष्ट झालं आणि तसंच सरकत पुसट झालं. गोळी होती. एका पेराच्या डोळ्याला चार मिनिटं लागली. आमच्याकडे हंगामात रोज शंभराच्या वर डोळे येतात.

काल मी सहाव्या पेरात जे पाहिलं ते तिथे नव्हतं. जंबोला तिथे घड असतात हे मला माहीत होतं, आणि मी माहीत असलेलं पाहिलं.

"जूनमध्ये ढग फार राहिले यंदा," कौसर हात पुसत म्हणाली. "घड पुढे सरकलेत सगळीकडे. कोणालाही वाटलं असतं."

"तुला नाही वाटलं."

मी भगवंतभाऊंना फोन लावला. बंद होता. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा लावला. मेसेज पाठवला, तो पोचला नाही. टोळी शुक्रवारी येणार होती, म्हणजे सकाळी. काडी एकदा सहावर कापली की सातव्या, आठव्या, नवव्या पेराचे घड जमिनीवर. ते परत लावता येत नाहीत.

"सकाळी जाऊ या," कौसर म्हणाली. "मी साडेसहाला गाडी घेऊन येते. उजाडल्याशिवाय टोळी बागेत शिरत नाही, तिकडे बिबट्या आहे."

संध्याकाळी मी संपतला सांगितलं. तो रोपवाटिकेतून आला होता, नखांत कोकोपीटचा भुसा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चूक झाली म्हणून सांगशील त्याला?"

"हो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"आरती, मी टोमॅटोची रोपं विकतो, मला त्यातलं कळत नाही," तो म्हणाला. "पण डॉक्टरांनी तुला विचारलं होतं, काम काय करता. तू म्हणालीस दोन नळ्यांचा सूक्ष्मदर्शक. ते म्हणाले, मग तुम्हाला सांगायला नको. मी तिथेच बसलो होतो. पुढे काय ठरलं ते मला कोणी सांगितलं नाही, म्हणून विचारलं."

"ठरलं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि कांदा चिरायला घेतला.

सकाळी कौसरच्या स्कूटरवर मागे बसले. हवेत गारवा होता आणि रस्त्याकडेच्या उसावर दव होतं. डाव्या बाजूला मला जे दिसत नाही ते काळं नसतं. लोकांना वाटतं अंधार असेल. तसं नसतं. आपल्या डोक्याच्या मागे काय आहे ते जसं दिसत नाही, तसंच ते आहे. तिथे काही नाही असंही वाटत नाही. उजवीकडे मात्र सगळं होतं: टोमॅटोचे मांडव, शाळेला निघालेल्या मुली, एका वाडीच्या तोंडाशी वनखात्याचा पिंजरा. मला तो प्रवास आवडला. ज्या कामासाठी निघालो होतो ते पाहता आवडायला नको होता.

आळेफाट्याच्या पुढे कौसरने वेग कमी केला.

"मॅडम, एक बोलू?"

"बोल."

"आपण म्हणू, काड्यांची अदलाबदल झाली. दोन नमुने शेजारी होते, चुकून दुसऱ्याचा रिपोर्ट गेला. असं होतं. मागे एकदा खरंच झालं होतं."

"माझ्या हातून?"

"माझ्या. मी म्हणेन माझ्याच हातून झालं. त्यात काय."

ती समोर बघत होती. मला तिचा कान आणि हेल्मेटचा पट्टा दिसत होता. "गाडी चालव," मी म्हटलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पोचलो तेव्हा टोळीने दोन ओळी संपवल्या होत्या. तिसरी अर्धी झाली होती. खाली काड्यांचा सडा होता, आणि तारेवर आखूड, नेटक्या कापलेल्या खोडक्या. कौसर गाडी लावायच्या आतच धावली.

"भाऊ, थांबवा. कात्र्या थांबवा."

भगवंतभाऊ पलीकडच्या ओळीतून आले. टोळीची मुकादम मंगल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाकीच्या बाया लगेच बांधावर बसल्या.

"आरं तिच्या," भगवंतभाऊ म्हणाले. "बाप कात्रीला धार लावून देतो आन् लेक कात्री थांबवायला येती. तुमच्या घरात ठरवून घ्या की एकदा काय ते."

बाया हसल्या. कौसरही हसली, पण तिला धाप लागली होती. "भाऊ, सहावर नाही कापायचं. घड आठ-नऊवर आहेत. नऊवर कापा."

"आन् रिपोर्टात सहा?"

"तो..." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काड्यांची अदलाबदल झाली. माझ्याकडून. दुसऱ्याचा नमुना शेजारी होता."

"तू तर त्या दिशी नव्हतीस."

मी तोवर बांधावरून बागेत उतरत होते, आणि ती उतरण माझ्या डाव्या हाताला होती. पाय चुकला असता, पण कोणीतरी कोपर धरलं. भगवंतभाऊंची आई, ठकूबाई. सत्तरीच्या पुढच्या, हात मात्र घट्ट.

"बया, तिकडं बघून पाय टाक की," त्या म्हणाल्या. "डोळ्यात मोती आलाय का? मला बी आसंच व्हतं व्हतं. घोडेगावच्या क्यांपात जाऊन आले, दोन दिसांत लख्ख. कवडी दिसंल आता बांधावरची. तू बी जा."

"मोतीबिंदू नाही, आजी."

"मग काय हाय?"

"माझी गाठ होती ना. ती डोळ्याच्या नसेपर्यंत गेली होती."

"आता?"

"आता गाठ नाही."

"मग झालं तर," ठकूबाई म्हणाल्या, आणि कोपर न सोडता मला तिसऱ्या ओळीपर्यंत घेऊन आल्या.

मी खाली वाकून एक तोडलेली काडी उचलली. बोटांनी पेरं मोजली. सातवं, आठवं, नववं. ती काडी जाड होती, चांगली पिकलेली, आणि तिच्यात घड होते. मला ते पुन्हा बघायची गरज नव्हती.

"दोन ओळी आणि थोड्या," मी म्हटलं. "एकूण किती आहेत?"

"बासट," भगवंतभाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते काड्यांकडे बघत होते आणि मनात काहीतरी जुळवत होते. "आदलाबदल आसंल तर आसंल. व्हतं आसं. दोन वळी गेल्या तर गेल्या. पन आता साठ वळी हायेत, आन् मंगलाबाईची टोळी बसून हाय."

"आमचा रोज चालू हाय," मंगल म्हणाली. "बसा निवांत. आमी कुटं जात न्हाई."

"बगा. आता ताई, सहा म्हनून तुमीच सांगितलं. ही म्हनती नऊ. हिला मी खोटी म्हनत न्हाई, पीरमहंमदची लेक हाय, शिकल्याली हाय. पन माजी बाग पंदरा वर्सं तुमच्या सांगन्यावर चालली. नऊवर काडी ठेवली आन् तिथं काय नसंल, तर नुसता झाडोरा वाढंल, औशदं मारून मरंन मी. तवा आसं करा." त्यांनी शेजारच्या, न छाटलेल्या वेलीवरून एक काडी मुळापासून कापली आणि माझ्या हातात दिली. मग खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला आणि त्यावर एक नवं ब्लेड ठेवून पुढे धरलं. "भिंग आसंल तुमच्या पिशवीत. हितंच बसा सावलीला, तुमी बगा. तुमी सहा म्हनाल तर सहा, नऊ म्हनाल तर नऊ. तुमचा शब्द झाला की मी कात्री घालतो."

भिंग पिशवीत होतंच. ते नेहमी असतं. मी ते काढून, कापून, थोडा वेळ डोळ्याशी धरून नऊ म्हणू शकले असते. निकाल बरोबर होता. साठ ओळी नऊवर कापल्या गेल्या असत्या, जानेवारीत घड भरले असते, आणि भगवंतभाऊ पुढच्या वर्षी जिन्याला नावं ठेवत वर आले असते, ताईंनी बघितलं म्हणून. कौसरने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. तिच्या त्या खाली बघण्यात तिने मला मोकळं सोडलं होतं. मी काहीही केलं असतं तरी तिने त्यावर कधी एक शब्द काढला नसता. फाइल अर्धी राहायला नको, एवढंच म्हणाली असती.

मी काडी तिच्या हातात दिली. ब्लेडही दिलं. रिपोर्ट माझ्याकडे ठेवला, कारण त्यावर सही माझी होती.

"भगवंतभाऊ," मी म्हटलं, "अदलाबदल झालेली नव्हती. काड्या तुमच्याच होत्या. त्या मी एकटीने बघितल्या आणि मी चुकले."

"आसं कसं, ताई?"

"डाव्या डोळ्याने मला दिसत नाही. आमच्या कामाला दोन डोळे लागतात. हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे, आणि मी तुम्हाला कोणालाच सांगितलं नाही." सगळे माझ्याकडे बघत होते, बांधावरच्या बायासुद्धा. माझा आवाज नेहमीसारखाच होता, याचं मला बरं वाटलं. "आजपासून मी काड्या बघणार नाही. कौसर बघेल, आणि रिपोर्टवर सहीही तिचीच असेल. ती नऊ म्हणते आहे. नऊवर कापा."